हाल्डेन यांचे पातळ कढण

कोळशाच्या खाणीत साचणारा मिथेन वायू हवेपेक्षा हलका असतो आणि छताशी गोळा होतो, हे बहुतेक मुले पुस्तकात वाचतात. जॅक हाल्डेन ते स्वतःच्या पायांनी शिकला. वडील त्याला खाणीत घेऊन गेले, एका ठिकाणी ताठ उभे केले आणि शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधले मार्क अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. भाषण पुरे होण्याआधीच मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा चांगली होती. ती छातीत गेली तसा तो सावरला. धडा संपला. आजच्या पालकसभेत ही हकिकत सांगितली तर बापावर गुन्हा दाखल करा, असे कोणीतरी नक्की म्हणेल.

बाप मात्र साधासुधा नव्हता. जॉन स्कॉट हाल्डेन हे ऑक्सफर्डमधले नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ. खाणीत स्फोट झाला की कामगार भाजण्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइडने जास्त दगावतात, हे त्यांनी खाणींत उतरून दाखवून दिले. विषारी वायूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून पिंजऱ्यातली कॅनरी खाणीत नेण्याची प्रथा पडली, ती त्यांच्याच शिफारशीमुळे. श्वास किती वेगाने घ्यायचा हे मेंदू मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवरून ठरवतो, हा शोधही त्यांचाच. अतिदक्षता विभागात आज रुग्णाच्या धमनीतले रक्त काढून वायूंची तपासणी होते, तिची मुळे या घरापर्यंत पोहोचतात. घरातच प्रयोगशाळा होती आणि जॅक व त्याची धाकटी बहीण नाओमी त्या प्रयोगशाळेत वाढली. पुढे नाओमी मोठी लेखिका झाली.

जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२चा. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्ड येथे. गंमत अशी की विसाव्या शतकातल्या अव्वल जीवशास्त्रज्ञांत ज्यांची गणना होते, त्या या माणसाकडे विज्ञानाची पदवी नव्हती. त्यांनी गणित केले आणि मग ग्रीक-लॅटिन साहित्य व तत्त्वज्ञान. १९१४ साली पदवी हातात पडली आणि महायुद्ध सुरू झाले. १९१५मध्ये जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला तेव्हा वडिलांना तातडीने फ्रान्सला बोलावले गेले. मुलालाही आघाडीवरून बोलावून घेतले. दोघांनी काचबंद खोलीत क्लोरीन हुंगत मुखवट्यांची परीक्षा घेतली. फ्रान्समध्ये आणि नंतर मेसोपोटेमियात जॅक जखमी झाले. दुसऱ्या जखमेनंतर प्रकृती सुधारण्यासाठी त्यांना हिंदुस्थानात पाठवण्यात आले. या देशाशी त्यांची पहिली ओळख ती.

युद्धानंतर वडिलांच्याच विषयात त्यांनी हात घातला. रक्त जास्त आम्लधर्मी झाले तर शरीर काय करते, हा प्रश्न होता. त्यासाठी आम्ल प्यायला हवे. पण नुसते हायड्रोक्लोरिक आम्ल पुरेशा प्रमाणात प्यायले तर घशाची आणि जठराची वाट लागेल. हाल्डेन यांनी रसायनशास्त्राची एक पळवाट शोधली आणि पाण्यात विरघळवलेले अमोनियम क्लोराइड प्यायले. यकृत त्यातल्या अमोनियाचा युरिया करून टाकते आणि आम्ल मागे राहते. म्हणजे आम्ल पोटात न ओतता थेट रक्तात तयार होते. परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. काही दिवस त्यांना मधुमेहाच्या अत्यवस्थ रुग्णासारखी धाप लागत होती. यातून मिळालेले ज्ञान टेटनी या आजारात वापरले गेले. त्यात रक्त अतिअल्कधर्मी होते आणि बाळांना आकड्या येतात.

मिथेन, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया. हे तीन वायू लक्षात ठेवावेत. बापलेकांनी ते आपल्या फुप्फुसांत आणि रक्तात अनुभवले होते. पुढे पृथ्वीवर प्रथिने कशी आली या वादात पुन्हा हेच तिघे समोर येतात.

१९२३च्या सुमारास हाल्डेन केंब्रिजला जीवरसायनशास्त्राचे रीडर झाले. विभागप्रमुख होते जीवनसत्त्वांवरील कामासाठी नोबेल मिळालेले फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. येथे हाल्डेन यांचा विषय होता विकरे, म्हणजे एन्झाइम. पेशीत घडणारी जवळपास प्रत्येक रासायनिक क्रिया विकरामुळे शक्य होते. १९२५ साली ब्रिग्ज या सहकाऱ्याबरोबर त्यांनी विकरांच्या वेगाचे जे गणित मांडले ते एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आजही शिकवले जाते. विकरे प्रथिनांची बनलेली असतात, हे १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवून दाखवले, तरी मोठमोठे रसायनतज्ज्ञ ते मान्य करायला तयार नव्हते.

येथे प्रथिनांविषयी दोन शब्द. प्रथिन म्हणजे माळ आणि अमिनो आम्ले म्हणजे तिच्यातले मणी. सजीवांच्या माळेत मुख्यतः २० प्रकारचे मणी असतात. इन्सुलिनमध्ये असे ५१ मणी आहेत. मण्यांचा क्रम चुकला तर काय होते, हे गडचिरोली आणि नंदुरबारच्या डॉक्टरांना सांगायला नको. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतला सहाव्या जागेवरचा एकच मणी बदलतो आणि सिकलसेल आजार होतो. हा क्रम जनुकात लिहिलेला असतो. पण जनुक वाचायला आणि त्याची नक्कल करायला विकरे लागतात, आणि विकरे पुन्हा प्रथिनेच. मग पहिले प्रथिन आले कोठून? जिवंत वस्तू जिवंत वस्तूपासूनच जन्मते, हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकात सिद्ध केले होते. त्यामुळे सुरुवातीचा प्रश्न सुटण्याऐवजी आणखी अडला. काहींनी तो देवावर सोपवला, काहींनी जीवाचे बीज अवकाशातून आले म्हणत दुसऱ्या ग्रहावर ढकलला.

१९२९ साली ‘रॅशनलिस्ट अ‍ॅन्युअल’ या वार्षिकात हाल्डेन यांनी सामान्य वाचकांसाठी एक छोटा लेख लिहिला. विषय, जीवाचा उगम. त्यांचे म्हणणे साधारण असे होते. पृथ्वीवर वनस्पती नव्हत्या तेव्हा हवेत प्राणवायूही जवळपास नव्हता. प्राणवायू नाही म्हणजे ओझोनचे छत्र नाही, म्हणजे सूर्याचे अतिनील किरण थेट समुद्रापर्यंत पोहोचत. हवेत कार्बन डायऑक्साइड होता, अमोनिया होता, खाली पाणी होते. या तिघांवर अतिनील किरण पडले की शर्करा आणि प्रथिनांचे घटक असे नाना पदार्थ बनणार. आज असा पदार्थ उघड्यावर राहिला तर जिवाणू त्याचा फडशा पाडतात. तेव्हा खाणारेच कोणी नव्हते. म्हणून हे पदार्थ लाखो वर्षे साठत गेले आणि समुद्राचे एक गरम, पातळ सूप झाले. मराठीत त्याला कढण म्हणावे. आजाऱ्याला मुगाचे किंवा कुळथाचे देतात तसे, सत्त्व भरपूर पण दिसायला पाणीच.

या कढणात मोठे रेणू तयार झाले आणि त्यातल्या काहींना आपली नक्कल करता येऊ लागली. येथे हाल्डेन यांनी त्या काळातली ताजी माहिती कामाला लावली. जिवाणूंना मारणारे बॅक्टेरिओफेज हे विषाणू नुकतेच सापडले होते. ते यजमान पेशीत वाढतात, बाहेर निपचित पडून राहतात. मग त्यांना जिवंत म्हणायचे की निर्जीव? सुरुवातीचे रेणूही असेच अर्धजिवंत असतील, फक्त त्यांची यजमान पेशी म्हणजे सगळा समुद्र, असे त्यांनी सुचवले. फार पुढे केव्हातरी अशा काही रेणूंभोवती तेलकट पापुद्रा धरला आणि पहिली पेशी झाली. जीव आणि निर्जीव यांच्यात भिंत नसून लांबलचक उतार आहे, असा त्याचा अर्थ. वैद्यकातल्या माणसाला हे पटायला जड जात नाही. मृत्यूची वेळ कागदावर एकच लिहितात, पण त्या वेळेनंतरही कितीतरी पेशी आपापले काम करत असतात.

या लेखाचे स्वागत फार थंड झाले. कल्पना म्हणून ठीक, पण पुरावा काय? हाल्डेन यांचा पुरावा खरोखरच लंगडा होता. लिव्हरपूलचे प्राध्यापक बॅली यांनी पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनियावर अतिनील किरण सोडून असे पदार्थ मिळवल्याचे सांगितले होते, आणि हाल्डेन यांची सारी भिस्त त्यावर होती. नंतर इतरांना बॅलींच्या शर्करा काही मिळाल्या नाहीत. इमारत टिकली, पण ज्या खांबावर ती उभी केली होती तो पोकळ निघाला. विज्ञानात असे क्वचित होते, तरी होते. दुसरी गोष्ट, असाच विचार मॉस्कोत अलेक्झांडर ओपारिन यांनी १९२४ सालीच एका रशियन पुस्तिकेत मांडला होता. हाल्डेन यांना त्याचा पत्ता नव्हता. फरक वायूंचा होता. ओपारिन यांनी पुढे १९३६च्या ग्रंथात हवेत मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन मानले, हाल्डेन यांनी कार्बन डायऑक्साइड. लहानपणी ज्या मिथेनने त्यांना आडवे केले, तो त्यांनी आपल्या पाककृतीत घेतलाच नाही.

मधली वीस-बावीस वर्षे हाल्डेन दुसऱ्याच कामांत बुडाले होते. १९३३पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक होते. डार्विनची निवड आणि मेंडेलची जनुके यांची गणिताने सांगड घालणाऱ्या तिघांत फिशर आणि राइट यांच्याबरोबर त्यांचे नाव येते. हिमोफिलियाच्या कुटुंबांवरून त्यांनी माणसाच्या जनुकात किती वेळा बदल होतो याचा पहिला अंदाज बांधला. थॅलॅसेमियासारखे रक्ताचे आजार मलेरियाच्या प्रदेशांत का टिकून आहेत, याचे उत्तर मलेरियापासून मिळणारे संरक्षण हे असावे, असे त्यांनी १९४९ साली सुचवले. १९३९मध्ये ‘थेटिस’ पाणबुडी बुडून ९९ माणसे मेली, तेव्हा ते पुन्हा बंद कोठीत शिरले. वाढत्या दाबाखाली प्राणवायू घेताना आकड्या येऊन पाठीचे मणके दुखावले, ते दुखणे जन्मभर पुरले. याच काळात ते कम्युनिस्ट झाले आणि लायसेंको या सोव्हिएत भोंदूविषयी जितके लवकर व जितके स्पष्ट बोलायला हवे होते तितके बोलले नाहीत. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करायला न कचरणारा माणूस पक्षाबाबत मात्र कचरला, ही नोंद त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही.

आणि मग १९५३ साल उजाडले. शिकागो विद्यापीठात हॅरॉल्ड युरी यांचा तरुण विद्यार्थी स्टॅन्ली मिलर याने काचेच्या उपकरणात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ भरली. आकाशातल्या विजेऐवजी विजेच्या ठिणग्या सोडल्या. खालच्या चंबूतले पाणी उकळत राहिले, वाफ वर जाऊन थंड होऊन परत येत राहिली. काही दिवसांत पाण्याला रंग चढला. तपासले तर त्यात ग्लायसिन, अ‍ॅलॅनिन अशी अमिनो आम्ले! प्रथिनांचे मणी जीवाशिवाय घडू शकतात हे कोणालाही करून पाहता येईल अशा प्रयोगाने दिसले. पुढच्याच वर्षी अलाहाबादचे कृष्ण बहादुर यांनी पॅराफॉर्माल्डिहाइड आणि पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणावर सूर्यप्रकाश पाडून अमिनो आम्ले मिळाल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. मिलर यांच्या जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या २००८ साली नव्या यंत्रांनी तपासल्या, तेव्हा त्यांत वीसहून जास्त अमिनो आम्ले सापडली. ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे १९६९ साली पडलेल्या उल्केत आणि अलीकडे बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीतही ती मिळाली आहेत. बेन्नूच्या मातीत तर सजीव वापरतात त्या २०पैकी १४.

मणी मिळाले, माळेचे काय? येथे कढणाची कल्पना अडखळते. दोन अमिनो आम्ले जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. भोवती पाणीच पाणी असेल तर क्रिया उलट दिशेने जाते आणि माळ तुटते. म्हणून काही शास्त्रज्ञांचे लक्ष समुद्राकडून काठाकडे वळले. जालना जिल्ह्यात शहागडच्या पुलावरून उन्हाळ्यात गोदावरी पाहिली तर हा मुद्दा चटकन कळतो. वर पैठणला जायकवाडीचे धरण, खाली पात्रात उरलेली डबकी. डबके आटत जाते तसे त्यातले पाणी दाट होते, काठावर क्षारांची पांढरी कड उमटते आणि पुन्हा पाणी आले की सगळे विरघळते. ओले, कोरडे, पुन्हा ओले. अशा चक्रात कोरड्या वेळी मणी जुळतात, ओल्या वेळी नवे मणी येतात. अमेरिकेत सिडनी फॉक्स यांनी अमिनो आम्लांचे कोरडे मिश्रण तापवून प्रथिनांसारख्या साखळ्या मिळवल्याही. एक गोष्ट मात्र विसरू नये. शहागडच्या परिसरातला काळा खडक आपल्याला अनादी वाटतो, पण दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. जीवाच्या खुणा ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात, म्हणजे पन्नास पटींहून जुन्या. त्या पहिल्या डबक्याचा खडक आज कोठे शोधायचा?

साखळी झाली तरी क्रमाचा प्रश्न उरतोच. २० प्रकारचे मणी घेऊन ५१ मण्यांची माळ किती प्रकारे ओवता येईल? दोनावर सहासष्ट शून्ये, त्याहूनही थोडे जास्तच. त्यातले इन्सुलिन एक. नुसत्या योगायोगावर एवढे सोपवता येत नाही, हे गणिती हाल्डेन यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

१९५७च्या उन्हाळ्यात ते पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह कायमचे भारतात आले. सुएझवरील ब्रिटिश हल्ल्याचा निषेध हे त्यांनी दिलेले कारण. कोलकात्याला प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या सांख्यिकी संस्थेत ते रुजू झाले, अंगावर कुर्ता-धोतर आले, ताटातून मांस गेले, आणि १९६१मध्ये भारताचे नागरिकत्वही मिळाले. ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हे नियतकालिक त्यांनी बरोबरच आणले होते. ते आजही भारतातूनच निघते. येथल्या तरुणांना त्यांचा सल्ला असे की परदेशी यंत्रे नाहीत म्हणून रडू नका, डोळे आणि गणित दोन्ही फुकट आहेत. सुरेश जयकर यांनी त्यांच्याबरोबर निवडीच्या गणितावर लेखन केले. टी. ए. डेव्हिस यांनी नारळाच्या झाडांची पाने डावीकडे वळतात की उजवीकडे हे मोजत सुटायचे ठरवले. ऐकायला रिकामटेकडेपणा वाटतो. उत्तर निघाले जवळपास निम्मे-निम्मे, आणि झाडाचे वळण पिढीत उतरत नाही असेही दिसले. अमिनो आम्लांतही डावे-उजवे असते. मिलरच्या चंबूत दोन्ही सारखी येतात, सजीवांची प्रथिने मात्र डावीच घेतात. नारळात जी निवड झालेली नाही ती रेणूंत कशी झाली, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.

महालनोबिस यांच्याशी खटके उडाले. संस्था सुटली. हाल्डेन यांचा स्वभाव सोपा नव्हता आणि सरकारी कारभाराची चीड त्यांना लंडनातही होती. १९६२ साली ओडिशा सरकारने भुवनेश्वरला त्यांना प्रयोगशाळा दिली. ऑक्टोबर १९६३मध्ये फॉक्स यांनी फ्लोरिडातल्या वाकुला स्प्रिंग्ज येथे जीवाच्या उगमावर परिषद भरवली. तेथे हाल्डेन आणि ओपारिन पहिल्यांदा समोरासमोर आले. एकाच कल्पनेवर दोघांची नावे पस्तीस-चाळीस वर्षे जोडलेली होती, आणि शास्त्रज्ञांची भांडणे बहुधा अशाच वेळी होतात. हाल्डेन यांनी सर्वांसमक्ष ओपारिन यांचा मान पहिला असल्याचे सांगून टाकले. त्याच परिषदेत त्यांनी एक सूचना केली. पहिल्या सजीवाला आजच्यासारखी शेकडो जनुके कशाला हवीत? आरएनएचे एकच जनुक आणि त्याने घडवलेले एकच विकर एवढ्यावर त्याचे भागले असेल. वीसेक वर्षांनी आरएनए स्वतःच विकराचे काम करू शकते हे सापडले, आणि आधी जनुक की आधी प्रथिन हा पेच निदान अर्धा तरी सैल झाला. तोवर हाल्डेन नव्हते.

फ्लोरिडात असतानाच त्यांना शौचावाटे थोडे रक्त जाताना दिसले होते. भारतात परतण्याच्या वाटेवर लंडनमध्ये त्यांनी डॉक्टरांना दाखवले. निदान गुदाशयाच्या कर्करोगाचे. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया झाली, शौचाची वाट पोटावर काढावी लागली. रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी या आजारावर एक विनोदी कविता लिहिली आणि ती फेब्रुवारी १९६४मध्ये ‘न्यू स्टेट्समन’मध्ये छापून आली. काही वाचकांना ती असभ्य वाटली. पण तिच्यातला मुद्दा सरळ होता. रक्त दिसले तर लाजू नका, मूळव्याध म्हणून घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे लवकर जा. साठ वर्षांनंतरही हेच सांगावे लागते आणि निम्मे रुग्ण उशिराच येतात, असे सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसणारा कोणीही डॉक्टर म्हणेल. बीबीसीसाठी त्यांनी स्वतःचा मृत्युलेख कॅमेऱ्यासमोर स्वतःच बोलून ठेवला.

भुवनेश्वरला परतल्यावर काही महिन्यांत आजार उलटला. १ डिसेंबर १९६४ रोजी वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते गेले. आयुष्यभर प्रयोगाला लावलेले शरीर मृत्यूनंतर वैद्यकीय शिक्षणासाठी द्यावे, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. देह आंध्रातल्या काकीनाड्याला, रंगराय वैद्यकीय महाविद्यालयात नेण्यात आला. शहागडच्या पुलाखालून जाणारी गोदावरी जेथे समुद्राला मिळते, त्या मुलखातले हे गाव. शरीररचनाशास्त्राच्या टेबलावर तो कोणा विद्यार्थ्यांच्या वाट्याला आला. हेलन स्पर्वे मागे भारतातच राहिल्या.